गाठीवरचा छिलका

भुताखेताच्या गप्पा घेऊन येणाऱ्याला मी आजवर दुकानाच्या पायरीवर टेकू दिलेलं नाही. खामगावात कापसाच्या जिनांच्या वाटेवर माझं लाकूडकामाचं दुकान आहे. समोरच्या चहावाल्याकडे दर आठवड्याला कोणीतरी चिंचेवरची हडळ पाहून आलेला असतो… मी म्हणतो, बाबा, तिला म्हणावं ये, फळ्या उचलायला एक माणूस कमीच आहे. तेव्हा मीच असलं काही लिहून पाठवलं हे कळल्यावर गल्लीत माझं हसं होणार. होऊ द्या.

माझा नाद जुन्या हत्यारांचा. गंजका रंधा, मोडक्या मुठीची पटाशी, दात गेलेली करवत, लोक आणून टाकतात आणि मी ती कामाला आणतो. राकेलात भिजवायचं, विटेच्या भुकटीनं गंज काढायचा, लाकडाला जवसाचं तेल पाजायचं आणि मग पातं धारेच्या दगडावर धरायचं. या कामाला धीर लागतो. तो मला फक्त लोखंडाच्या बाबतीत आहे, माणसांच्या बाबतीत नाही, असं आमच्या घरातलं मत आहे. पण इतकी वर्षं हे केल्यावर हत्यार हातात घेतलं की ते धरणारा कसा होता, एवढं कळतं. त्यात जादू काही नाही. जिथं हात लागतो तिथं लाकूड झिजतं.

एका वर्षी पोळा झाल्यावर सोनाळ्याहून दोघं आले — गिरजाबाई आणि तिचा धाकटा दीर किसन. वाढ्याच्या, म्हणजे सुताराच्या घरचे, आमच्यातलेच. किसननं पिशवीतून एक रंधा काढून माझ्यापुढं ठेवला. पात्यावर गंजाची साल धरलेली, लाकूड मळानं काळं पडलेलं.

"तुमच्याच बाजारात भंगारवाल्याजवळ भेटला, मिस्तरी. मले वाटते, हा माह्या दादाचा हाय. पाहून सांगा."

दादा म्हणजे गिरजाबाईचा नवरा, नामदेव. काही वर्षांपूर्वी घरातून निघून गेला तो परतलाच नाही. कोणी म्हणे बुऱ्हाणपुरात दिसला, कोणी म्हणे डोंगरातल्या लाकूडतोडीवर. आता आमच्यात एक धरून चाललेली गोष्ट आहे… वाढई जिवंत असेतो आपला रंधा दुसऱ्याच्या हाती जाऊ देत नाही. म्हणजे हा रंधा नामदेवचा ठरला की नामदेव गेला, आणि गिरजाबाईच्या हातातल्या बांगड्याही गेल्या. किसन काही वाईट माणूस नव्हता. पण क्रियाकर्म न झालेलं माणूस घरावर राहते, असं म्हणून म्हणून भावकीनं त्याला भंडावलं होतं.

"पण तो गेला काऊन?" मी विचारलं.

गिरजाबाईच बोलली, "माह्या तोंडापायी गेले, भाऊ. गावभराले दारं करून देल्ले अन आमच्या घराले बांबूचा तट्टा. मी रोज बोलत होती. मंग बिजाचं लाकूड आणलं, एक फळी रंधली, दुसरी अर्धी झाली. त्या दिवशी कायनं तरी भांडण झालं… अन मी म्हटलं, राहू द्या, तुमच्या हातानं आपलं दार होत नाही. रंधा काखेत मारला अन गेले. मांगं पाह्यलं नाही."

मी रंधा ठेवून घेतला आणि दोघांना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या म्हटलं.

मळ उतरला तसा लाकडातला खळगा दिसला. उजव्या हाताच्या माणसाचा तो ज्या अंगाला पडतो, त्याच्या उलट अंगाला होता. म्हणजे धरणारा डावखोरा. पात्याला धार लावली, पाचर ठोकून बसवली, पण रंधा चालवून पाहिला नाही. दुरुस्तीनंतरचा पहिला छिलका मालकाच्या हातानं निघावा, ही आमच्या घराण्याची रीत. इथं मालक कुठला आणायचा?

खंडेनवमीला नेहमीप्रमाणे सगळी हत्यारं पाटावर मांडली, त्यात हाही रंधा ठेवला. हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत, म्हणून दुकानाला कुलूप घालून मी घरी आलो. दसऱ्याला सकाळी उघडलं, तर या रंध्याच्या तोंडात छिलका. हातभर लांब, कागदासारखा पातळ, मधे एका गाठीचं गोल कडं. वरचं ओलं लावलेलं कुंकू जसंच्या तसं, कुठं बोट फिरलेलं नाही. आणि छिलका बिजाचा होता. माझ्या दुकानात साग आणि बाभूळ सोडून तेव्हा दुसरं काहीच नव्हतं. मी भुसा उकरून पाहिला, फळ्या हलवून पाहिल्या, शेजाऱ्यावर उगाच ओरडून झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मी सांगितलं, धरणारा डावखोरा होता.

"हाव," गिरजाबाई म्हणाली. "डावखोरेच." किसननं मान खाली घातली.

छिलका मी लपवणार होतो, पण हातातच होता. तिनं तो तळहातावर घेतला आणि म्हणाली, "हे आमच्या फळीचं हाय."

मी खेकसलो, "बाई, बिजाची सगळी झाडं काय तुह्या सासऱ्यानंच लावली होती?"

"चाला अन पाहा."

रंधा पिशवीत घालून मी गेलो तो तिला खोटं ठरवायलाच. अर्धी वाट मोटारीनं, पुढं बैलगाडीनं. ती दिराकडे राहत होती. तिचं घर मागंच बंद करून तिनं तट्ट्याला साखळी-कुलूप घातलेलं, किल्ली तिच्याच कमरेला. कुलूप गंजलेलं… तेल सोडल्याशिवाय फिरलं नाही. आत भिंतीला ती अर्धी फळी टेकलेली. सगळ्या फळीवर धुळीचा थर, आणि न रंधलेल्या भागात पात्याच्या रुंदीचा एकच पट्टा स्वच्छ, ताज्या लाकडाचा. दोन्ही बाजूंची धूळ हललेली नाही. मी छिलका पट्ट्यावर धरला. गाठीवर गाठ बसली.

किसन बाहेर जाऊन बसला.

गिरजाबाई बराच वेळ त्या पट्ट्यावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "भाऊ, तुमाले हत्यारावरून हात समजते. एक सांगा… हा छिलका काढला तवा हात रागात होता का?"

मी छिलका उजेडात धरला. खडबडीत फळीवरचा पहिला छिलका सलग निघत नसतो. आणि गाठीवरून नेताना हात जरा जरी चिडलेला असला तर तो तिथं फाटतोच. माझाही फाटला असता. हा कुठंच फाटलेला नव्हता. मी तिला ते सगळं दाखवलं आणि म्हटलं, "नाही बाई. राग नव्हता."

तेव्हा ती रडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, असं किसन नंतर म्हणाला. रडणं थांबल्यावर तिनं स्वतःच एकेक करून बांगड्या उतरवल्या, फोडल्या नाहीत, आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "भाऊजी, क्रियेचं पाहा आता."

याचा खुलासा मला कोणी मागू नये. बंद दुकान, बंद घर, मधे एवढी वाट… मी डोकं शिणवून पाहिलं, काही लागत नाही. नामदेव कुठं गेला, कसा गेला, तेही कधी कळलं नाही. त्या रात्री मी तिथंच राहिलो आणि सकाळी त्याच रंध्यानं उरलेली फळी रंधून, दुपार व्हायच्या आत दार चौकटीला लावून दिलं. मला हळहळ वाटते ती एवढीच. अर्ध्या दिवसाचं काम होतं हो ते.