भावनिक बुद्धिमत्तेत पहिली

"दोघी मेंढक्यांच्याच पोरी. एक माणसाळली, दुसरी अजून रानातच हाय."

सर हे भर वर्गात म्हणाले. माणसाळलेली मी. रानातली सुली, माझी चुलतबहीण. वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची लाज आज लिहितानाही जात नाही.

फलटणजवळची शाळा, नववीचा वर्ग. साताऱ्याहून एक मॅडम भावनिक बुद्धिमत्तेची प्रश्नावली घेऊन आल्या होत्या. 'राग आल्यावर स्वतःवर ताबा ठेवता का?' मी 'नेहमी'वर खूण केली. सुलीनं 'कधीच नाही'वर. निकाल लागला. मी पहिली, ती शेवटची.

आम्हा दोघींपैकी कुणीही वाचायला उभी राहिली की पुढच्या बाकावरून मेंढराचा आवाज यायचा. काढणारा संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. मी मान खाली घालून वाचत राहायचे. निकालानंतर दोनच दिवसांनी सुलीनं कंपासपेटी फेकून मारली. त्याच्या कपाळाला खोक पडली.

सरांनी मला विचारलं, "आधी कुणी काय केलं?"

"कुणी काही नाही केलं, सर."

मला वर्गाची मॉनिटर व्हायचं होतं. एवढ्यासाठी.

सुलीला शाळेतून काढायचं ठरलं. चुलती धावत आली. "आवं सर, पोरीचं चुकलंच. पर उगंच मारंल व्हय ती?" मग माझ्याकडं वळली. "तू हुतीस न्हवं तितं? तू तरी सांग की गं."

मी फरशीकडं बघत राहिले. तिनं परत विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला सरांनी मला पुढं बोलावलं. रागावर ताबा कसा ठेवायचा, हे मी सगळ्या शाळेला सांगायचं होतं. माइक हातात आला.

"मला राग येतो. रोज येतो. मी भिते म्हणून गप बसते. मेंढराचा आवाज अध्यक्षांचा नातू काढतो. मी सरांना खोटं सांगितलं."

सरांनी माइक हिसकावला. "गेलीस शेवटी जातीवर!"

"व्हय, गेले," मी म्हणाले. विनामाइक. तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

उशीर झाला होता. सुलीचा दाखला आदल्या दिवशीच चुलतीच्या हातात पडला होता. ती पुन्हा कुठल्याच शाळेत गेली नाही. माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं, असं म्हणायचं तोंड मला नाही.

आता मी सांगलीत बी.एड. करते. वर्गात वस्तू फेकणारी पोरगी कुणालाही दिसते. मी शोधणार आहे ती मान खाली घालून गुणाची झालेली. तिला गप्प बसू देणार नाही. तिच्या शेजारणीचा दाखला निघायच्या आत.