मास्तरांनी सही केलेली एकच प्रत

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साचतात. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या पतपेढीत मी कारकून होतो, सभासदही. तिथले निम्मे किस्से एकट्या केशवराव मास्तरांच्या पुस्तकाचे!

मास्तर पेढीचे सेक्रेटरी. सकाळी शाळा, संध्याकाळी पेढी. 'पतपेढी कशी चालवावी' हे पुस्तक त्यांनी पदरमोड करून छापलं. आमच्याकडे कर्जाला तारण लागत नसे. दोन सभासदांनी अर्जावर सही केली की तेच जामीन. त्यामुळे पेठेत माणसं चहा पाजत, जेवायला घालत, पण सही? नाव काढू नका!

*

पहिली प्रत मास्तरांनी चेअरमनना दिली. "पोचल्याची सही करा," म्हणाले.

चेअरमननी चष्मा लावला, पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, ह्यावर कर्ज कुणी काढलंय?"

*

मोहोळजवळच्या एका गावात पुस्तक वाचून नवी पेढी निघाली. पहिल्या सभेला आम्ही दोघं गेलो. सगळी मंडळी पुस्तक उघडून बसलेली! शेवटी अध्यक्ष उठले, बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "येथे अध्यक्षांनी आभार मानावेत," आणि खाली बसले.

परतीच्या वाटेवर मास्तर म्हणाले, "पण पेढी निघाली की नाही?"

*

सेक्रेटरीनं कुणाला जामीन राहू नये, हा नियम मास्तरांनीच पुस्तकात घातलेला. तो त्यांनी इतका पाळला, की पुस्तकावरही सही देईनात.

दिली ती फक्त पेठेत विणकाम करणाऱ्या नरसम्माला. नवरा गेलेला, पदरात दोन पोरी, स्वतःचा माग घ्यायचा होता. विधवेला जामीन कोण राहणार? तिनं आठ आणे मोजून पुस्तक घेतलं आणि म्हणाली, "लिवणाऱ्यानं नाव लिवून द्यावं की!" मास्तर विरघळले. 'नरसम्माबाईंस, विश्वासपूर्वक' असं लिहून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी ती कमिटीपुढं हजर. "मास्तर जामीन हायेत. ही बगा सही!"

सगळे हसले. मास्तर लाजून लालबुंद. चेअरमननी मात्र ती ओळ दोनदा वाचली.

"हे नियमात बसत नाही," ते म्हणाले, आणि टाक उचलून तिच्या अर्जावर स्वतः सही केली. मग माझ्याकडे पाहिलं. दुसरी सही मी केली. भीती वाटली, खोटं कशाला सांगू! पण असं बरं मला पुन्हा क्वचितच वाटलं.

*

सोलापुरात वकिली करणारे बार्शीचे एक गृहस्थ होते. पहिल्या आवृत्तीच्या, लेखकाची सही असलेल्या प्रती जमवायचा त्यांना भारी नाद. ही प्रत एकुलती एक आहे कळल्यावर ते नरसम्माकडे धावले. "पाच रुपये देतो!"

"आजून हप्ते ऱ्हायलेत," ती म्हणाली. "जामीन कुणी इकतं व्हय?"

वकील तोवर थांबले. कर्ज फिटल्याचं माझ्याकडून कळताच मला घेऊन पुन्हा तिच्या दारात. आत नवा माग खटाखट चाललेला.

"पुस्तक शेजारच्या यल्लव्वाकडं दिलंय," नरसम्मा म्हणाली. "तिला बी माग घ्यायचाय. जामिनाची एक सही झालीया, एक ऱ्हायलीया."

यल्लव्वानं पुस्तक आणून दिलं. मास्तरांच्या सहीखाली ताज्या शाईत, वाकड्यातिकड्या तेलुगू अक्षरांत नरसम्माचं नाव होतं.

वकिलांनी ते पान पाहिलं. मग पुस्तक मिटून यल्लव्वाच्या हातात परत दिलं आणि मला विचारलं, "तुमच्या पेढीचं सभासद व्हायला काय लागतं हो?"