भिवातात्यांची धडधड

भिवातात्या कुणालाही नुसतं "काय, बरं हाय ना?" असं विचारत नसत. वाटेत माणूस भेटला की मागच्या खेपेला बोलणं जिथं थांबलं होतं तिथूनच ते सुरू करत, मग मधे सहा महिने का गेलेले असेनात. "लेकीच्या घराची कौलं बदलली काय रे?" "ती म्हस लाथ मारायची थांबली का गो?" त्यांच्याबरोबर पोलादपूरच्या बाजारात गेलं की मिठाची पुडी घ्यायलाही दुपार व्हायची.

ते माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथं आमच्या घराला 'मुक्यांचं घर' म्हणत. आजोबा बोलत नसत, वडील बोलत नाहीत, आणि त्या घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेला मीही तसाच. एकाच रक्तात तात्या वेगळे कसे निपजले, याचं मला नवल वाटे. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटे.

मुंबईत सायन्सच्या पहिल्या वर्षाला बेडकाचं प्रॅक्टिकल सुरू झालं. एका बेडकामागे दोघे, जोडीदार आपला आपण निवडायचा. वर्गात सगळ्यांच्या जोड्या झाल्या. मी उरलो. कुणी मला टाळलं असं नव्हतं. माझं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं, इतकंच. महिनाभर मी एकटाच बेडूक कापत होतो. शेवटी 'लावणीला जातो' असं खोलीवर सांगून मी गावी आलो. परत जायचं नाही, हे मनाशी ठरवलं होतं.

आमच्याकडे भातलावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी एकाच्या शेतात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. कुणी कुणाशेजारी उभं राहून लावायचं, ते तात्या ठरवत. बडबड्याला अबोल्याशेजारी, भांडलेल्या जावांना ओळीच्या दोन टोकांना. त्या दिवशी त्यांनी मला आपल्या शेजारी घेतलं आणि रोपांची मूठ हातात देत विचारलं, "मागल्या टायमाला बोल्लास, कालिजात बेडूक कापनार. कापलास?"

मग मी चिखलात वाकल्या वाकल्या सगळं सांगितलं. वर, सरांनी शिकवलेलं होतं तेही सांगितलं. आई-बापाकडून मुलांत जीन येतात, उंची, रंग त्यातूनच ठरतात, आणि स्वभावही बराचसा त्यातूनच येत असावा. शिवाय मूत्रपिंडावर एकेक ग्रंथी असते. माणूस घाबरला की तिचा रस रक्तात उतरतो, छाती धडधडते, जीभ कोरडी पडते. "तात्या, आमच्या घराला ह्ये जन्माचंच हाय. मी काय परत जात नाय."

तात्या कंबर सरळ करून उभे राहिले. "ती गाठ माझ्याबी अंगात असंल का रे?"

"सगळ्यांच्याच असते."

"बरं झालं बाबा, सांगितलंस. येवडी वर्सं मी समजत व्हतो, माझंच काळीज भेकड."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

दुसऱ्या दिवशी आमच्या खाचरासाठी माणसं कमी पडत होती, म्हणून ते मला पलीकडच्या वाडीत घेऊन गेले. एका म्हातारीच्या घराबाहेर, उंबऱ्याच्या दोन पावलं अलीकडे ते थांबले आणि माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. ओल्या घोंगडीखाली त्यांचं काळीज धडधडत होतं. अगदी माझं प्रॅक्टिकलच्या दारात धडधडे तसंच.

"ह्ये कंदी थांबलं नाय," ते हळूच म्हणाले. "म्हनून घरातनंच सवाल ठरवून निघायचा. आपल्या भ्याचा इचार नाय, समोरच्याच्या पायाचा करायचा." आणि आत शिरत मोठ्यानं, "म्हातारे, टाचंतला काटा निघाला का गो?"

"निघाला रे मेल्या! तुझ्या तोंडाला कुलूप घालायला मातर कुनी निघत नाय!" म्हातारी हसली. तिच्या घरची तीन माणसं आमच्या लावणीला आली.

लावणी आटोपल्यावर मी पोलादपूरहून मुंबईची एस. टी. धरली. प्रॅक्टिकलच्या दारात नेहमीसारखीच धडधड झाली. पहिल्या टेबलावर एक जण होता. महिन्यापूर्वी जिन्यात तो कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं, की धाकटी बहीण टायफॉइडनं आजारी आहे. तोंडाला कोरड पडली होती, तरी विचारलं, "तुमची बहीण बरी झाली का?"

त्यानं वर पाहिलं. "तुला कसं कळलं?" म्हणाला, आणि बहिणीबद्दल सांगता सांगता त्यानं ट्रे माझ्याकडे सरकवून मला जागा करून दिली. त्याचा जोडीदार कॉलेज बदलून गेला होता, हे मला मागाहून कळलं. वर्षभर आम्ही एकत्र बेडूक कापले. आजही त्याची पत्रं येतात.

गेल्या श्रावणात तात्या गेले. ते कसे होते असं मला कुणी विचारलं, तर मला त्या वर्षीची दिवाळी आठवते. मी धावतच त्यांच्या अंगणात गेलो होतो. जोडीदार कसा मिळाला, मी कसा बोललो, सगळं एका दमात सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग, त्याची भैन आता हिंडतेफिरते ना?"