अर्धा चांद

पुण्याच्या मॉलमधल्या बर्फावर उलटं स्केटिंग करून दाखवायची पैज नातीनं लावली, म्हणून मी, साठी ओलांडलेला मास्तर, आमच्या गावी, केनवडला, सिमेंटच्या खळ्यावर चाकांचे स्केट्स बांधून सरावाला लागलो. लागूनच शेजाऱ्यांचं अंगण. तिथं दिवाळीच्या कामाला रिठदहून आलेली एक बाई सारवत होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. उकिडवी बसून, शेणाच्या हातानं अर्धगोल काढत, मागे न पाहता ती मागे मागे सरकायची.

मी तिसऱ्यांदा आपटलो तेव्हा ती म्हणाली, "गुर्जी, पाय उचलता काहून? सारवतानी कोनी हात उचलते काय? अर्दा चांद काढा अन् सरका."

चवडे आत घेतले, टाचा बाहेर ढकलल्या आणि चक्क मागे सरकलो! इतका, की खळं संपलं आणि मी तिच्या ओल्या सारवणात जाऊन बसलो.

ती हसली नाही. शेणाची बादली तिनं माझ्याकडे ढकलली. "मांगं सरकणं आलं तुमाले. आता सारवतच जा."

पुण्यात मी पैज जिंकलो. नातीनं एवढंच विचारलं, "आजोबा, हात असे अर्धगोल कशाला फिरवत होतात?"