कोटओढे वकील

आमच्या वकीलसाहेबांनी किती दावे जिंकले हे मला सांगता येणार नाही. पण त्यांनी किती ज्युनियरांचे कोट उसवले हे हिंगणघाटचा कोणताही जुना शिंपी सांगेल. ज्युनियर उलटतपासणीला उभा राहिला की साहेब मागच्या बाकावर डोळे मिटून बसत. बघणाऱ्याला वाटे, झोपले. ज्युनियर नको तो प्रश्न विचारायच्या बेतात आला की मागून कोटाची शेपटी खसकन ओढली जाई. ओढली की बसायचं. वाक्य अर्धं राहिलं तरी बसायचं.

यावरून गावानं त्यांना 'कोटओढे' म्हणायला सुरुवात केली, आणि आमच्या भागातली आडनावंच अशी की ते आडनाव म्हणून खपूनही गेलं. परगावचे पक्षकार बाररूमच्या दारात टोपी काढून विचारत, "कोटओढे साहेब इथंच बसतात का जी?" साहेब आतून ओरडत, "बसत नाई, बसवतो! या अंदर!" त्यांच्याकडे लागल्यावर मी कोट शिवायला टाकला, तर शिंप्यानं माप घेण्याआधी विचारलं, "कोणाकडे आहा?" नाव सांगताच त्यानं मागची शिवण दुहेरी घातली.

मी बी.ए., एलएल.बी. झालो तेव्हा आमच्या घरात माझ्याखेरीज सही करणारं कोणी नव्हतं. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, मिजास म्हणून सांगतो. पास होऊन वडनेरला परतलो तर बाबांनी नुकताच घेतलेला बैल जुवाखाली बसायला लागला होता. चार तास वखर चालवायचा म्हटलं की हा तासाच्या मध्येच मांडी घालून मोकळा. तो परत करायला बाबा मला हिंगणघाटच्या बाजारात घेऊन गेले; शिकलेला मुलगा बोलेल म्हणून. मी बोललो. असा बोललो की व्यापारी घाबरून म्हणाला, "ठीक आहे बाबू, घेतो वापस." पण मला नुकताच कराराचा कायदा पाठ झाला होता. मी म्हटलं, "प्रश्न बैलाचा नाही, तत्त्वाचा आहे," आणि पुढं त्याला लबाडाची कायदेशीर व्याख्या सांगितली. तो भडकला, घोंगडी झटकली आणि निघून गेला. बैल तिथंच. बसलेला.

शेजारी काळ्या कोटातला एक जाडा माणूस भुईमुगाच्या शेंगा खात उभा होता. टरफलं माझ्या पायाशी टाकत म्हणाला, "बैल तुह्या हातून परत गेलता. मंग तू बोलत काऊन राह्यला?"

मी म्हटलं, "तुम्ही कोण?"

त्यानं आणखी एक शेंग फोडली. बाबांना म्हणाला, "पाटील, तुमचा बैल बसते अन् पोरगा बसतच नाई. दोघायची अदलाबदल करा." मग माझ्याकडे वळून, "वकील आहेस न? वाटलंच. उद्यापासून येजो."

साहेबांची माणसं निवडायची पद्धत ही. बाकीचे मोठे वकील ज्युनियर म्हणून भाचा घेत, नाहीतर होणारा जावई. साहेब म्हणत, "भाचा घेतला का ऑफिसात बहिणीचं भांडण येते, अन् जावई घेतला का आपल्यालेच उभं राहा लागते." ते बाजारात भांडणं ऐकत हिंडत. मी गुणपत्रिका पुढं केली तेव्हा त्यांनी तिच्यावर पान ठेवून चुना लावला. "मार्क पाहून लोक पोरगी देतात, बी.ए.! मी पक्षकार देतो. मले भांडण पाहा लागते." तेव्हापासून माझं नाव बी.ए. पडलं.

बाबांना हा प्रकार पसंत नव्हता. पुलगावच्या डेपोत कारकून म्हणून चिकटवून देणारा एक ओळखीचा त्यांनी धरून ठेवला होता. "कापूस निघेपर्यंत पाहतो," ते म्हणाले. "तवरिक तुही वकिली दिसली त ठीक. नाई त पुलगाव." मला पुलगाव नको होतं. गावात वकील म्हणवून घेतलं होतं. आता टेबलाखाली पाय घालून दारूगोळ्याच्या पेट्यांची नोंद करत बसायचं म्हणजे त्या बैलाहून वाईट.

दुसऱ्या वकिलांचे ज्युनियर वर्षानुवर्षं पिशव्या उचलत. साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात उभं केलं, आणि लगेच खाली ओढलं. मग रोज तेच. पक्षकार हसत, कारकून हसत. एकदा मी सरळ विचारलं, "साहेब, वडनेरच्या ढेकळातून मी इतका वर आलो तो तुम्ही मागून खाली ओढावं म्हणून?"

"उभं राहाले पाय पुरतात, बी.ए.," ते म्हणाले. "बसाले अक्कल लागते. पाय देवानं देले. बाकीचं मी पाहून राह्यलो."

त्यांचं एकच दुःख होतं. ज्युनियर जरा तयार झाला की नागपूरची गाडी धरे. प्रत्येकाला पोहोचवायला साहेब स्वतः स्टेशनावर जात, डब्यात संत्र्यांची टोपली ठेवत आणि गाडी हलली की तोंड भरून शिव्या देत. "लोणचं आम्ही घालाचं, उन्हात आम्ही ठेवाचं, अन् मुरलं का ताट नागपूरवाल्याचं!"

कापूस निघायला लागला तेव्हा त्यांनी मला एक अख्खा दावा दिला. गंगाबाई नावाची विधवा. तिच्या दिराचं म्हणणं, सामाईक विहिरीवर तिचा हक्क नाही, कारण तिनं तिथलं पाणी कधी भरलंच नाही. साक्षीदार म्हणून त्यानं गावचा एक म्हातारा आणला होता. त्या दिवशी बाबा कापसाची गाडी घेऊन बाजारात आले होते. ते कोर्टात मागच्या भिंतीशी उकिडवे बसले. साहेब माझ्या मागच्या बाकावर. निदान मी उभा राहिलो तेव्हा होते.

"तुम्ही विहिरीवर रोज जाता?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"रोज सकाळी."

"गंगाबाई कधी दिसली?"

"कधीच नाई."

माझ्याकडे अजून भरपूर प्रश्न तयार होते, आणि त्यांत मी त्याला खोटारडा म्हणणार होतो. मी आवेशानं पुढं झालो, आणि मागून कोट ओढला गेला. जीव जळला. बाबांच्या देखत! पण सवय वाईट. बसलो.

कोर्टात शांतता. जज्जसाहेब लिहीत होते. म्हाताऱ्याला घरून भरपूर पढवून आणलं होतं आणि ते सगळं पोटात तसंच राहिलं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मला तो चक्क विचारू लागला, "बस, झालं?" शेवटी त्याला राहवेना.

"साहेब, मी त्या बाईच्या बाजूनं बोलूच काऊन? रोज भांडते माह्याशी! माही बालटी बाजूले सारते अन् आपली पयले सोडते!"

जज्जसाहेबांनी मान वर केली. "कुठे?"

"विहिरीत जी! अजून कुठं?"

शिपाईसुद्धा हसला. गंगाबाई उभी राहून ओरडली, "मंग! तुह्याच बापाची आहे का विहीर?" मी साहेबांकडे अभिमानानं वळलो, तर मागचा बाक रिकामा. ते तंबाखू खायला केव्हाच बाहेर गेले होते. माझा कोट बाकाच्या हाताला निघालेल्या खिळ्यात अडकला होता.

गंगाबाईला विहीर मिळाली. बाबांनी मात्र बाहेर आल्यावर माझ्या कोटाची मागची शिवण चाचपून पाहिली. "तू बसला, अन् जितला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग एवढं बोलाचं शिकवलं कायले?" पण पुलगावचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

साहेबांना मी खिळ्याची गोष्ट सांगितली. ते पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी घरून हळदीकुंकू आणून त्यांनी भर कोर्टात खिळ्याला बोट लावलं. "हा माहा नवा ज्युनियर," ते म्हणाले. "बोलत नाई, नागपूरले जात नाई. बी.ए., तू मोकळा. आपली पाटी लाव." हसता हसता बोलले, पण नंतर खिडकीतून थुंकायला गेले ते जरा उशिरानं परतले.

मलाही पुढं नागपूरचं बोलावणं आलं. गेलो नाही. लोकांना वाटतं, गुरुभक्ती. खरं कारण, स्टेशनावर त्या शिव्या ऐकायची माझी छाती नव्हती.

साहेब गेले तेव्हा कोर्टातच शोकसभा झाली. गावात राहिलेला सर्वांत जुना ज्युनियर म्हणून मी उभा राहिलो, त्याच बाकापाशी. बैल सांगितला, विहीर सांगितली, लोणचं सांगितलं. मग तेच पुन्हा सांगू लागलो. थांबता येईना. जज्जसाहेब खाली मान घालून बसले होते. मागच्या बाकावर माझे दोन ज्युनियर होते, पण त्यांची काय हिंमत! मी बोलत राहिलो आणि वाट पाहत राहिलो.

शेवटी मीच अर्धं पाऊल मागं सरलो, कोटाची शेपटी त्या खिळ्याला अडकवली आणि पुढं झालो. फर्र आवाज झाला. बसलो.

कोट नवा होता.