दाराचा स्विच

"माझंच चुकलं. बोला, काय झालं?"

कारखान्याच्या फाटकातून आत येताना आबांचं हे वाक्य ठरलेलं. आधी कबुली, मग चौकशी. उंदरानं वायर कुरतडलेली असो, नाहीतर विजेचा दाब कमी झालेला असो, चूक स्वतःच्या नावावर घेऊन आबा मोकळे. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. पण बहुतेक जण हे कसनुसं तोंड करून म्हणतात. आबा हसत म्हणायचे, हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता.

एकदा मी त्यांना याबद्दल विचारलं, तर म्हणाले, "अवो ताई, चूक कुणाची यावर माणसं तासभर भांडत्यात. मी म्हणलं माझी, की गप बसत्यात. मंग मी प्यानेल उघडायला मोकळा."

इंदापूरच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला लागून आमचा पशुखाद्याचा कारखाना आहे. मी तिथल्या लॅबमध्ये काम करते. आबा बारामतीजवळच्या कन्हेरीचे. बारामतीत त्यांचं कंट्रोल पॅनेल बनवायचं छोटं वर्कशॉप होतं आणि आमची मशिनं ज्यांच्यावर चालतात ती पॅनेलं त्यांनीच बसवलेली. मीही बारामतीचीच, त्यामुळे ते आले की संध्याकाळी त्यांच्या व्हॅनमधून परतायची. व्हॅनमध्ये मागे रिले, केबलची वेटोळी आणि आबांच्या घरच्या वहिनींनी मंडईत पोचवायला दिलेली वांगी एकत्रच पडलेली असायची.

वाटेत आबांचं व्याख्यान चालू. "सगळी पीएलसीचं कौतुक करत्यात. हाय, त्यो मशीनचा मेंदू हाय. पण मेंदूला डोळं नकोत? सेन्सर म्हंजे डोळं. पोटाला भाकर नको? पावर सप्लाय. हातपाय म्हंजे रिले. मेंदू भारीतला घेत्यात आन डोळं मंडईत वांगी घेतल्यावानी घासाघीस करून."

सांगवीकडच्या एका डेअरीत बाटल्यांचा पट्टा सारखा थांबायचा. तिथले साहेब आबांवर यथेच्छ ओरडले. आबांनी ठरलेलं वाक्य म्हटलं आणि आत जाऊन पाहिलं, तर सेन्सरच्या डोळ्यासमोर कोळ्यानं जाळं विणलेलं. "त्याचीबी माफी मागितली," आबा सांगायचे, "आन मंग पुसलं."

असं सगळं हसण्यावारी चाललेलं होतं.

आमच्याकडे भरलेली पोती पट्ट्यावरून शिलाईकडे जातात. पट्ट्याच्या रोलरवर जाळीचं दार आहे. पोतं अडकलं तर ते दार उघडून ओढून काढायचं. दार उघडलं की तिथला एक लहानसा स्विच सुटतो आणि पट्टा आपोआप थांबतो. काडेपेटीएवढा स्विच, पण माणसाचा हात त्याच्या भरवशावर आत जातो.

त्या हंगामात भुशाच्या धुळीनं तो स्विच बिघडला. दार बंद असतानाही पट्टा मध्येच थांबायचा. बाहेर ट्रक खोळंबलेले, मॅनेजर घायकुतीला आलेले. आबा आले, पॅनेलमध्ये काहीतरी केलं आणि पट्टा सुरळीत सुरू झाला. सगळे खूश. पुढे काही दिवस एकही पोतं अडकलं नाही, त्यामुळे ते दार कुणी उघडलंही नाही.

मग एका सकाळी पोतं अडकलं. शिलाईवर डाळजची सुनंदाताई होती. नेहमीसारखं तिनं दार उघडलं, हात घातला. पट्टा थांबला नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तिला भिगवणच्या दवाखान्यात हलवलं. मशीन तपासायला आबांना बोलावलं. ते आले ते थेट पॅनेलकडे गेले, कुणाशी काही न बोलता. त्या दिवशी त्यांचं ते वाक्य ऐकू आलं नाही हे माझ्या लक्षात आलं, पण प्रसंगच तसा होता. थोड्या वेळानं त्यांनी मॅनेजरांना बोलावून दार उघडून दाखवलं. पट्टा जागच्या जागी थांबला.

"बघा, मशीन ठणठणीत आहे," मॅनेजर म्हणाले. "बाईंनी जाळीच्या खालून हात घातला असणार."

दुपारी मॅनेजर, आबा आणि मी दवाखान्यात गेलो. सुनंदाताई गुंगीत होती, तरी पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. "म्या दार उघडलं हुतं. पट्टा थांबलाच न्हाय."

"थांबतो, ताई. आम्ही आत्ताच पाहिलं," मॅनेजर म्हणाले. "घाबरलेल्या माणसाला नीट आठवत नाही."

तिनं आबांकडे पाहिलं. आबा दाराशी उभे होते. ते खाली फरशीकडे बघत राहिले.

परतताना मॅनेजर त्यांच्या गाडीनं गेले, मी आबांबरोबर. भिगवण मागे पडलं आणि आबांनी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. खिशातून निळ्या वायरचा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला.

"सकाळी काढली ही, प्यानेलमधनं. स्विच बिघडला हुता ना, म्हणून त्याला बगल देऊन ही जोडली हुती. दार उघडं असलं तरी मशीनला वाटतंय बंदच हाय. म्हणलं, उद्या नवा स्विच आणून बसवू. तर बारामतीत मोठं काम निघालं. उद्याचं परवा झालं. आन मंग ताई, मी इसरलोच."

मी म्हटलं, "आबा, ती तिथं खोटी पडतेय."

"म्हाईत हाय मला." आबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "दिवसातनं धा येळा म्हणतो मी, माझंच चुकलं. आज तोंडातनं निघंना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. मी काचेबाहेर उभी होते. मॅनेजरांनी ऐकून घेतलं आणि ते चक्क हसले. "आबा, पाऊस नाही पडला तरी तुम्ही म्हणाल माझंच चुकलं. मनाला लावून घेऊ नका. चहा घ्या."

आबांनी चहा घेतला नाही. ते खाली आले, पाळी बदलायची वेळ होती, दोन्ही पाळ्यांची माणसं त्यांनी पट्ट्याजवळ बोलावली. पॅनेल उघडलं. माझ्याकडची निळी वायर घेऊन पुन्हा होती तशी जोडली. सगळ्यांना लांब उभं करून पट्टा चालू केला आणि जाळीचं दार सताड उघडलं.

पट्टा फिरत राहिला. मॅनेजर जिन्यावरून बघत होते.

"सुनंदाबाई खरं बोलत्यात," आबा म्हणाले. "वायर म्या लावली हुती." आणि त्यांनी पट्टा बंद केला.

बाईंचीच चूक असा लिहिलेला अपघाताचा अहवाल बदलावा लागला. आबांचं आमच्याकडचं काम त्याच दिवशी गेलं आणि बातमी पसरली तशी बाकीच्या कारखान्यांतलंही.

सुनंदाताई घरी आल्यावर ते मला बरोबर घेऊन डाळजला गेले. एकट्यानं जायचा धीर नव्हता. तिनं पाणी दिलं, बसा म्हणाली. आबा बसले नाहीत, हात जोडून उभे राहिले.

"बोटांचं सोडा," ती म्हणाली. "चूक व्हतीच माणसाच्या हातनं. पण दवाखान्यात मला खोटी ठरवलं, तवा तुमी तितंच हुता. मी तुमच्याकडं बघितलं."

"व्हय," आबा म्हणाले. जोडलेले हात त्यांनी खाली घेतले. आम्ही निघालो.

बरी झाल्यावर सुनंदाताईला माझ्याच लॅबमध्ये नमुने घ्यायचं काम मिळालं. डाव्या हातानं ती आता झरझर पोत्यावर क्रमांक घालते. आबांचं नाव ती काढत नाही, मीही काढत नाही.

आबांनी वर्कशॉप बंद केलं आणि सांगवीत घरगुती वस्तूंच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. गेल्या महिन्यात माझं कपडे धुवायचं मशीन त्यांच्याकडे नेलं होतं. आणायला गेले तेव्हा दोन गिऱ्हाइकं कुरकुरत बसली होती. आबा वस्तू लवकर देत नाहीत, म्हणे.

त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि माझं मशीन चालू केलं. कपडे पिळायचा ड्रम गरगर फिरू लागला. त्यांनी झाकण उघडलं. ड्रम थांबला. झाकण लावलं, पुन्हा उघडलं. पुन्हा थांबला. असं कितीतरी वेळा.

"आबा, झालंय की," मी म्हटलं.

"व्हय, झालंय. एकडाव बघतो, मंग न्या."

मी स्टुलावर बसून राहिले. त्यांनी झाकण लावलं, ड्रमला पुरता वेग घेऊ दिला, मग झाकण उघडलं आणि शर्टाची बाही वर सारून स्वतःचा उजवा हात आत घातला.