गाडीतला नळ

दादाने शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली तेव्हा तिच्या खिडक्यांच्या चौकटींवर मुलांनी खरवडलेली अक्षरं होती. त्याने सीटा काढल्या, दोन पलंग बसवले, एक ओटा केला आणि ओट्यात स्टीलचं छोटं सिंक बसवलं. अशी चालती घरं लोक फिरायला भाड्याने नेतात, हे त्याने मोबाइलवर बघितलं होतं. राहनाळला आमच्या घरासमोर पूर्वी भाताचं खळं होतं, आता तिथे गोदामांचे कंटेनर वळतात. उन्हाळाभर ती गाडी तिथेच उभी होती आणि दादा तिच्या आत असायचा.

आई-बाबा गेल्यापासून घरात आम्ही चौघंच. दादा, वहिनी, बाबांची मोठी बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मी. वहिनीला दिवस गेले होते. दोन वर्षांपूर्वीही गेले होते, तेव्हा ते टिकलं नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, पण या वेळी तिला कुणी कळशी उचलू देत नव्हतं, आणि सातवा लागण्याआधी कार्ल्याला देवीच्या पायाशी जाऊन यायचं असं आत्याने ठरवून टाकलं होतं. दादाच्या गाडीची पहिली फेरीही तीच ठरली.

गाडीत दादाने सगळ्यात जास्त जीव ओतला तो पाण्यात. मागच्या पलंगाखाली लोखंडी अँगलच्या चौकटीत एक निळा ड्रम आडवा बसवला. त्यातून पाइप निघून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरीकडे, तिथून फिल्टरकडे, तिथून सिंकच्या नळाला. नळ उघडला की पलंगाखाली काहीतरी गुरगुरायचं, जरा वेळ नुसती हवा यायची आणि मग पाणी. ड्रम रिकामा करायचा झाला तर गाडीच्या पोटाशी एक वॉल होता, तो फिरवायचा. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून नळ सोडून दाखवायचा. शेजारचे काका म्हणाले, "घरात पानी एक दिवसाआड, आन् गाडीला चोवीस तास. आता आमी पन गाडीतच राहायला येतंव." दादा खूश झाला.

निळे ड्रम आमच्याकडे सगळीकडे आहेत. मोरीत पाणी साठवायला ड्रम, हळदीला जेवणावळीचं पाणी ड्रममध्ये, गच्चीवर टाकीच्या जागी ड्रम. गोदामांतून ते भंगारवाल्याकडे येतात आणि भंगारवाल्याकडून घरात. कुणी विचारत नाही, आधी यात काय होतं. विचारतात ते एवढंच, धुतलाय ना?

हा ड्रम आला त्या दिवशी मी सुट्टीवर होते. मी मानकोलीच्या एका गोदामाच्या ऑफिसात काम करते, कॉम्प्युटरवर. दादा ड्रमवरचा कागद पात्याने खरवडत होता. बराचसा निघाला होता. राहिलेल्या कोपऱ्यात एक वठलेलं झाड होतं आणि त्याच्या बाजूला पोट वर करून पडलेला मासा.

हे चित्र मी रोज बघते. आमच्या ऑफिसच्या जिन्यात असल्या चित्रांचा तक्ता लावलाय, खाली इंग्रजीत अर्थ लिहिलेले.

"दादा, हा ड्रम कशाचा होता?"

"साबणाचा."

"साबणावर असं चित्र नसतं. हे चित्र विषारी मालावर असतं. पाण्यातलं सगळं मरतं, असा त्याचा अर्थ."

त्याने चित्राकडे बघितलं. "मासा दाखवलाय म्हणजे पाण्याचाच ड्रम की," तो म्हणाला, आणि दारात बसलेल्या आत्याकडे बघून हसला. "आपल्या मॅडमना इंग्लिश मीडियममध्ये घातलं ना, आता त्यांना ड्रम पण वाचता येतो." आत्या हसली. मीही हसले. मला असं मध्येच हसायची सवय आहे, त्याने संभाषण संपतं. दादाने पातं फिरवलं आणि मासा पायाशी गळून पडला.

मग ड्रम धुतला गेला. सोडा, चुना, शेवटी चिंचेचं पाणी. तीन दिवस उन्हात तोंड उघडं ठेवून वाळवला. आणि मग आत्याने निवटी मागवली.

आमची माणसं मूळची खाडीकाठची. नवी टाकी, गाळ काढलेली विहीर, धुतलेला ड्रम, काहीही असो, त्यात रात्रभर जिवंत मासा सोडायचा. सकाळी तो जगलेला असला तर पाणी प्यायला हरकत नाही. डब्यातून आलेली निवटी दादाने ड्रममध्ये सोडली आणि झाकण सैलसर लावलं. निवटी म्हणजे चिखलात सरपटणारी, डोळे डोक्यावर असलेली, बोटाएवढी मासळी. ओहोटी लागली की खाडीच्या काळ्या चिखलावर त्या टुणटुण उड्या मारताना दिसतात.

सकाळी झाकण काढलं तेव्हा सगळ्यांनी वाकून पाहिलं. निवटी जिवंत होती. ड्रमच्या भिंतीला, पाण्याच्या वर, चिकटून बसली होती. शेपटीचं टोकसुद्धा पाण्यात नव्हतं. उजेड आला तसे तिचे डोळे आमच्याकडे वळले.

"जगली!" दादा म्हणाला.

"जगली ना? मंग झाला," आत्या म्हणाली आणि ड्रमवर हळदीकुंकू वाहिलं.

दुपारी आत्या मागच्या दारी मासे साफ करत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, पूर्वीपण निवटीच सोडायचे का.

"न्हाय गो. निवटी कशाला? आमचा आजा कोलंबी सोडायचा. पानी जरासा वंगाल असला का कोलंबी गपकन मरते. ती लई नाजूक."

"मग आता कोळंबी का नाही सोडत?"

"आता जिती कोलंबी खाडीत हाय कुठं?" तिने विळीवरून हात न काढता सांगितलं. "सगला मेला. निवटी तेवढी राह्यली."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने स्वतः काय सांगितलं ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने माशाचं डोकं कापून मांजरीला टाकलं आणि दुसराच विषय काढला.

गाडी तयार झाल्यावर दादा म्हणाला, पाणी वापरलं पाहिजे, वापरल्याशिवाय गळती कळत नाही. म्हणून वहिनी दुपारचा चहा गाडीत करू लागली. गाडीत पंखा होता, घरापेक्षा तिथे बरं वाटतं असं सुरुवातीला तीही म्हणायची. मी ऑफिसातून यायचे तेव्हा ती पलंगावर बसलेली असायची, हातात स्टीलचा पेला. तिच्या बरोबर खाली ड्रम.

एकदा मी तो पेला तोंडाला लावला. पाणी कोमट होतं. चव अशी काही नव्हती. पण गिळल्यानंतर घशात काहीतरी गोडसर उरलं, नेलपॉलिशची बाटली उघडल्यावर वास येतो तसं. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, नव्या पाइपाचा वास आहे, जाईल. वहिनीला विचारलं तर तिने आधी दाराकडे पाहिलं.

"मला पहिल्या दिवसापासून येतोय," ती हळूच म्हणाली. "तुमच्या दादांना सांगितलं मी. आत्या म्हणाल्या, दिवस गेलेल्या बाईला सगळ्यालाच वास येतो. मागच्या वेळी मला भाताचासुद्धा यायचा."

"मग पिऊ नकोस ना."

"ते सगळ्यांना दाखवतात, ताई. मीच नाही प्यायले तर?"

दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसला जाताना घरच्या माठातलं पाणी भरून एक बाटली तिच्या उशीमागे ठेवू लागले. ती रिकामी मिळायची. पण पेलाही ओला असायचा. ती उलट्या करत होती. सहाव्या महिन्यात इतक्या उलट्या होतात का, हे मी मोबाइलवर शोधलं आणि सापडलेलं कुणाला सांगितलं नाही.

कार्ल्याला निघालो त्या दिवशी सकाळपासूनच ऊन तापलं होतं. शेलारला वहिनीच्या माहेरी थांबून तिच्या आईचा आशीर्वाद घेतला. तिथे दादाने सासऱ्यांना नळ सोडून दाखवला आणि तेही एक पेला प्यायले. मग हायवे. गाडीचा पत्रा तापला, पलंगाखालचा ड्रम तापला, आणि तो गोडसर वास आता नळ न उघडताही येऊ लागला. आत्याने अगरबत्ती लावली. वहिनी खिडकीला डोकं टेकून बसली होती. माझ्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. घाटात पहिली संपली. आत्याने बघितलं.

"गाडीत नल असून बाटलीचा पानी पिते का ती?"

"थंड आहे म्हणून," मी म्हटलं.

"गाडीतला पन थंड होल. त्यानं जीव तोडून केलाय," आत्या म्हणाली. आरशात दादाचे डोळे दिसत होते. तो आमच्याकडे बघत होता. वहिनी उठली, नळ सोडला, पेला भरला आणि सगळा प्यायली. दादाचे डोळे रस्त्याकडे वळले. पेला तिने उपडा घातला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

पायथ्याशी गाडी लावून दादा आणि आत्या वर निघाले. वहिनीने इतक्या पायऱ्या चढायच्या नाहीत असं ठरलेलंच होतं. मी तिच्याजवळ थांबले. तिने पिशवीतली दुसरी बाटली काढली आणि थोडी थोडी करून संपवली. वरून ढोलाचा आवाज येत होता. ती बराच वेळ पोटावर हात ठेवून बसली होती.

"सकाळपासून हलला नाही," ती म्हणाली.

"झोपला असेल."

"झोपतो तो. पण मी गोड खाल्लं की हलतो. आईने शिरा भरवला, तरी नाही हलला."

ती उठली, गाडीतून खाली उतरली आणि मला काही कळायच्या आत चाकाजवळ कशीबशी बसून वॉल फिरवू लागली. तो घट्ट होता. मी तिला बाजूला बसवलं आणि दोन्ही हातांनी फिरवला. पाणी एकदम सुटलं. जाड धार, धुळीवर आदळून आमच्या पायांवर उडणारी. उन्हात तो वास सगळीकडे पसरला.

आणि लोक आले. तिथे पाण्याची मारामार असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हार-फुलं विकणारी एक बाई बादली घेऊन पळत आली, तिच्यामागे सरबतवाली हंडा घेऊन, तिच्यामागे कुणाची तरी मुलं बाटल्या घेऊन.

"अगं, वाया कशाला घालवता? सांगायचं तरी!" फुलवालीने बादली धारेखाली सरकवली. सरबतवालीने ओंजळ पुढे केली.

मी आयुष्यात रस्त्यात कधी ओरडले नव्हते. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नसे. मी सरबतवालीचा हात धरून मागे ओढला आणि ओरडले, "पिऊ नका! विषारी आहे, पिऊ नका! केमिकलचा ड्रम आहे!"

सगळे थांबले. मुलांनी बाटल्या मागे घेतल्या. फुलवालीने बादलीला नाक लावलं आणि तोंड वाकडं करून ती उपडी केली. मग गाडीकडे पाहिलं, आतल्या ओट्याकडे, सिंककडे, पडद्यांकडे.

"मग तुम्ही काय पिता आत?" तिने विचारलं.

तिची नजर वहिनीच्या चेहऱ्यावर गेली, मग पोटावर. तिने आपल्या टोपलीखालची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली आणि वहिनीच्या हातात दिली.

दादा आणि आत्या प्रसाद घेऊन उतरले तेव्हा धार संपून नुसतं ठिबकत होतं. लोक अजून तिथेच होते. दादाने एकदा त्यांच्याकडे, एकदा वॉलकडे पाहिलं. तो आत गेला. त्याने नळ उघडला. कोरडी मोटर बराच वेळ किंचाळत राहिली आणि त्याने ती बंद केली नाही. शेवटी वहिनीशी बोलून आत्या आत गेली आणि तिने नळ फिरवला.

"पोरगा हलत न्हाय म्हनते ती," आत्या त्याला म्हणाली. तिच्या हातातला नारळ तसाच होता. "गाडी काढ."

लोणावळ्याच्या दवाखान्यात ठोके सापडले. डॉक्टरांनी मशीनचा आवाज मोठा करून वहिनीला ऐकवला आणि ती रडली. मग त्यांनी विचारलं, ड्रममध्ये नेमकं काय होतं? नाव कळलं तर काही सांगता येईल. दादा म्हणाला, साबण. मग म्हणाला, माहीत नाही.

तो दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे गेला. मीही गेले, त्याने नको म्हटलं नाही. भंगारवाला ड्रमच्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या मागे सगळे निळे, सगळे सारखे.

"कौन से गोदाम का था, ये कैसे याद रहेगा, सेठ? रोज गाडी भर के आता है," तो म्हणाला. "क्यों, लीक है क्या? दूसरा दे दूँ?"

दादाने कागद खरवडला होता ती जागा मी ड्रमवर शोधली होती. तिथे चिकटपणाशिवाय काही उरलं नव्हतं. डॉक्टरांना आम्ही मासा आणि झाड एवढंच सांगू शकलो. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ते चित्र शेकडो गोष्टींवर असतं.

याला फार दिवस झालेले नाहीत. गाडी दारात उभी आहे, दादा तिच्यात जात नाही. वहिनीचे महिने अजून भरायचे आहेत. जेवण झालं की ती डाव्या कुशीवर निजते, हात पोटावर ठेवते आणि वाट बघते. आत्या तांदूळ निवडायचे थांबते, दादा टीव्हीचा आवाज बंद करतो. मी दारात उभी असते. "हलला," असं ती म्हणेपर्यंत घरात कुणी पाणी पीत नाही. कधी लगेच म्हणते. आज अजून म्हणाली नाहीये.